मूठभरांचे वजन

५ सप्टेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या हुजूर पक्षाने आपल्या नेतेपदाच्या निवडणुकीचा निकाल जाहीर केला. लिझ ट्रस यांना ८१,३२६ मते मिळाली, ऋषी सुनक यांना ६०,३९९, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रस देशाच्या पंतप्रधान झाल्या. पावणेसात कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशाचा कारभार कोणाच्या हाती द्यायचा, हे वर्गणी भरणाऱ्या पक्षसदस्यांनी ठरवले, आणि त्या सदस्यांची एकूण संख्या पावणेदोन लाखही नव्हती. यात कोणताही नियम मोडला गेला नव्हता. सत्तारूढ पक्षाने नेता बदलला की पंतप्रधान बदलतो, हा तेथील संसदीय संकेत आहे. नेता निवडताना खासदारांनी इच्छुकांची यादी दोन नावांवर आणली की पुढचा निर्णय सदस्यांचा, हा पक्षाचा नियम आहे. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि कोट्यवधी मतदारांच्या ऐवजी एका मध्यम शहरात मावतील इतक्या माणसांनी पंतप्रधान निवडला. ते सरकार सात आठवडे टिकले.

उदाहरण टोकाचे आहे, पण त्यात दिसणारी रचना रोजची आहे. मतदानाचा दिवस हा रुंद दरवाजा असतो आणि त्यातून सगळेच आत येतात. मात्र उमेदवार कोण असावा, विधेयकात कोणते कलम राहावे, कोणते प्रकरण समितीच्या विषयपत्रिकेवर यावे, कोणत्या आक्षेपावर सुनावणी व्हावी, हे निर्णय चिंचोळ्या वाटेने जातात. त्या वाटेवर किती लोक उभे आहेत, यापेक्षा कोण उभे आहेत आणि किती वेळ उभे राहण्याची त्यांची तयारी आहे, याला महत्त्व येते. छोटे, चिवट गट राजकारण कसे वळवतात, हे समजून घ्यायचे तर या वाटा कोठे आहेत हे आधी पाहावे लागते.

मत मोजता येते, तळमळ मोजता येत नाही

मतपत्रिका एक गोष्ट फार चांगली करते: ती प्रत्येकाला एकच मत देते. पण त्या मतामागे किती जोर आहे, हे तिला सांगता येत नाही. एखाद्या प्रश्नावर ज्याचे मत सौम्य आहे आणि ज्याची त्या प्रश्नावर झोप उडाली आहे, त्या दोघांचे शिक्के सारखेच उमटतात. शिवाय मतदार एकाच वेळी वीस प्रश्नांवर मत देत असतो. त्यामुळे एखाद्या धोरणाला सत्तर टक्के लोकांचा पाठिंबा आहे, एवढ्या माहितीवरून त्या धोरणाचे भवितव्य सांगता येत नाही. निवडून येऊ पाहणाऱ्या माणसाला वेगळाच आकडा हवा असतो, आणि तो म्हणजे या प्रश्नावरून आपले मत बदलतील असे लोक किती.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका मतदारसंघात एक लाख मतदार आहेत. एका नव्या नियमाच्या बाजूने ७०,००० आहेत आणि विरोधात ३०,०००. बाजूच्या लोकांना नियम हवा आहे, पण तो झाला नाही म्हणून उमेदवाराला धडा शिकवणारा शंभरात एकच निघेल; म्हणजे ७०० मते. विरोधकांमध्ये मात्र शंभरातले दहा जण असे आहेत, की नियमाला हात वर करणाऱ्याला ते आयुष्यभर मत देणार नाहीत. म्हणजे ३,००० मते. बहुमताची बाजू घेतली तर उमेदवार २,३०० मतांनी खाली जातो. अशा उमेदवाराला भित्रा किंवा विकला गेलेला म्हणणे सोपे असते, आणि कधी कधी ते खरेही असते, पण पुष्कळदा त्याने केवळ बेरीज-वजाबाकी केलेली असते.

अमेरिकेत हा हिशेब एप्रिल २०१३ मध्ये उघडपणे दिसला. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील शाळेत बंदुकधारी तरुणाने २० मुलांना आणि ६ प्रौढांना ठार मारले होते. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची व्याप्ती वाढवावी, या सूचनेला जनमत चाचण्यांमध्ये दहातील सुमारे नऊ जण अनुकूल होते. संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, त्या दुरुस्तीला ५४ मते पडली. पुढे जाण्यासाठी ६० हवी होती. लहान राज्यांना मोठ्या राज्यांइतकेच सदस्य देणारी सिनेटची रचना आणि ६० मतांची अट ही कारणे आहेतच. परंतु त्यांच्याइतकेच खरे कारण असे, की नव्वद टक्क्यांमधील बहुतेकांसाठी हा अनेक प्रश्नांपैकी एक प्रश्न होता, आणि उरलेल्या दहामधील काहींसाठी तो एकमेव प्रश्न होता, ज्यावर ते वर्गणी भरत, पत्रे लिहीत, पक्षांतर्गत निवडणुकीत मतदानाला जात आणि कोणी कसे मत दिले ते लक्षात ठेवत.

मोठा समूह दुबळा का पडतो

मँकर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक साधा पण अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला. ज्या गोष्टीत सर्वांचे हित आहे, ती मिळवण्यासाठी सर्वजण आपोआप एकत्र येतील, असे आपण गृहीत धरतो. ओल्सन यांच्या मते समूह जितका मोठा, तितके हे गृहीतक लंगडे. लाखो लोकांच्या समूहात एकाने वर्गणी दिली नाही तरी काम अडत नाही आणि ती दिली तरी फरक दिसत नाही. शिवाय काम झालेच तर लाभ सर्वांनाच मिळणार असतो. मग प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो. दहा जणांच्या समूहात मात्र एकजण आला नाही की त्याची खुर्ची रिकामी दिसते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा लाभही इतका मोठा असतो की धडपड परवडते.

अमेरिकेतील साखर हे या विचाराचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे आणि ते चांगलेही आहे. बाहेरून येणाऱ्या साखरेवर तेथे अनेक दशके मर्यादा आहेत, त्यामुळे देशातील साखर बहुधा जागतिक बाजारापेक्षा महाग असते. तिचा भार प्रत्येक घरावर पडतो, पण तो वर्षाकाठी एखाद्या जेवणाच्या खर्चाइतका. तेवढ्यासाठी कोणी राजधानीला जाऊन धरणे धरत नाही. फायदा मात्र थोड्या उत्पादकांमध्ये वाटला जातो आणि त्यांच्यासाठी तो धंद्याच्या जगण्या-मरण्याचा विषय असतो, म्हणून त्यांचा माणूस कायद्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी समितीच्या दालनाबाहेर हजर असतो. ग्राहकांचा माणूस तेथे नसतो, कारण तो तेथे असावा असे वाटणाऱ्यांपैकी कोणालाच त्याचा खर्च उचलण्याइतके ते महत्त्वाचे वाटत नाही.

ओल्सन यांचे गणित हितसंबंधांच्या गटांना नेमके लागू पडते, पण ज्या गटांना स्वतःसाठी काहीच मिळवायचे नसते, त्यांच्यापाशी येऊन ते अडखळते. इंग्लंडमध्ये बसून दूरच्या बेटांवरील गुलामांसाठी वीस वर्षे झटणाऱ्यांचा आर्थिक लाभ काय होता? शून्य. अशा गटांना बांधून ठेवणारा धागा निष्ठेचा, सोबतीचा आणि सवयीचा असतो. दर आठवड्याला भेटणारी माणसे एकमेकांना टाळू शकत नाहीत, म्हणून कामही टाळत नाहीत. जवळपास प्रत्येक टिकलेल्या चळवळीच्या मुळाशी अशी नियमित बैठक सापडते, आणि इतिहास लिहिताना बहुधा तीच गाळली जाते, कारण बैठकांची वर्णने वाचायला कंटाळवाणी असतात.

एकच प्रश्न, एकच कसोटी

मूठभरांनी राजकारण वळवण्याचे तंत्र शास्त्रासारखे विकसित केले ते अमेरिकेतील दारूबंदीवाल्यांनी. १८९३ मध्ये ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे ‘अँटी-सलून लीग’ स्थापन झाली; सलून म्हणजे तेथील दारूचा गुत्ता. त्याआधी दारूबंदीचा स्वतंत्र राजकीय पक्ष होता, तो निवडणुका लढवायचा आणि हरायचा. लीगने पक्ष काढला नाही. तिने चर्चमधील उपासकांकडून महिन्याची लहान-लहान वर्गणी बांधून घेतली, स्वतःचा छापखाना उभारला आणि एकच नियम केला: उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, दारूच्या प्रश्नावर आपल्या बाजूने मत देणार असेल तर तो आपला. तो घरी काय पितो, त्याची अन्य मते काय आहेत, तो माणूस म्हणून कसा आहे, हे विचारायचे नाही. या निर्दय साधेपणातच तिची ताकद होती. दोन पक्षांत चुरस असेल तेथे शंभरातील पाच मते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेता आली, तर पंचाण्णव लोकांचे मत काय आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

लीगचा नेता वेन व्हीलर हा त्या तंत्राचा मुख्य कारागीर होता. ओहायोचे गव्हर्नर मायरन हेरिक हे रिपब्लिकन पक्षाचे, १९०३ मध्ये प्रचंड मताधिक्याने निवडून आलेले. परंतु दारूची दुकाने बंद करण्याचा अधिकार स्थानिक मतदारांना देणारे विधेयक त्यांनी पातळ करून घेतले. लीगने १९०५ च्या निवडणुकीत सारी शक्ती त्यांच्याविरुद्ध लावली आणि ते पडले, त्यांच्याच पक्षाचे इतर बहुतेक उमेदवार निवडून आले असताना. हा तपशील महत्त्वाचा आहे. एकूण लाट पक्षाविरुद्ध असती तर त्यातून कोणी काहीही निष्कर्ष काढला असता. पण एकच माणूस पडला आणि तो का पडला हे प्रत्येक आमदाराला समजले. त्यानंतर लीगला प्रत्येकाला पाडून दाखवण्याची गरज उरली नाही. छोट्या गटाचा प्रभाव पुष्कळदा असाच असतो: एकदा केलेली शिक्षा आणि नंतर वर्षानुवर्षे पुरणारी तिची आठवण.

डिसेंबर १९१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, दारूबंदीची घटनादुरुस्ती संमत केली, जानेवारी १९१९ मध्ये पुरेशा राज्यांनी तिला मान्यता दिली आणि वर्षभराने ती अमलात आली. हे सारे लीगचे कर्तृत्व म्हणणे मात्र अतिशयोक्ती ठरेल. १९१३ मध्ये केंद्रीय प्राप्तिकराला घटनेचा आधार मिळाल्यामुळे सरकारचे दारूच्या करावरील अवलंबित्व कमी झाले होते, आणि पहिल्या महायुद्धामुळे बिअर बनवणाऱ्या जर्मन वंशाच्या कारखानदारांविषयी संशय पसरला होता. संधी गटाने निर्माण केली नव्हती. ती आली तेव्हा तयार मसुदा, तयार यादी आणि तयार माणसे घेऊन तो दारात उभा होता. बेसावध बहुसंख्य आणि सज्ज अल्पसंख्य यांच्यातील फरक नेमका अशा वेळी उघड होतो.

मग तेच हत्यार उलटले. १९२९ मध्ये पॉलीन सेबिन यांनी दारूबंदी उठवण्यासाठी स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभी केली. त्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीत काम केलेल्या, आयुष्यभर त्या पक्षात राहिलेल्या. तरीही १९३२ मध्ये त्यांनी या एका प्रश्नावरून डेमोक्रॅटिक पक्षाच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पाठिंबा दिला. लीगचीच कसोटी, फक्त दुसऱ्या दिशेने. याहून रंजक गोष्ट पुढे आहे. घटनादुरुस्तीला मान्यता देण्याचे काम राज्यांची विधिमंडळे करत आली होती आणि तेथील सदस्य लीगच्या धाकात होते; म्हणून दारूबंदी रद्द करणारी दुरुस्ती विधिमंडळांकडे न पाठवता, त्याच कामासाठी निवडलेल्या स्वतंत्र राज्य-परिषदांकडे पाठवण्यात आली. अमेरिकेच्या इतिहासात ही पद्धत तेवढ्या एकदाच वापरली गेली आहे. चिंचोळ्या वाटेवर विरोधक ठाण मांडून बसले होते, म्हणून वाटच बदलली. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी संपली.

जे येतात, तेच दिसतात

धाक आणि शिक्षा यांच्यापेक्षा शांत असा आणखी एक मार्ग आहे, आणि माझ्या मते प्रत्यक्षात त्याचाच परिणाम अधिक होतो. लोकप्रतिनिधीला जनमत थेट दिसत नाही. त्याला पत्रे दिसतात, दूरध्वनी ऐकू येतात, सभेत पहिल्या रांगेत बसलेले चेहरे दिसतात, आणि यावरून तो उरलेल्या लाखोंची कल्पना करतो. डेव्हिड ब्रूकमन आणि ख्रिस्तोफर स्कोव्हरन या संशोधकांनी अमेरिकेतील राज्य पातळीवरच्या राजकारण्यांना त्यांच्या मतदारांची मते काय असतील असे विचारले आणि ती उत्तरे प्रत्यक्ष जनमताशी ताडून पाहिली. दोन्ही पक्षांच्या राजकारण्यांना आपले मतदार आहेत त्यापेक्षा अधिक पुराणमतवादी वाटत होते, रिपब्लिकन राजकारण्यांना तर फारच. यातील काही भाग संपर्क कोण साधतो यावरून समजावता येतो: जे बोलतात, त्यांनाच समाज समजले जाते.

स्थानिक पातळीवर हे आणखी ठळक होते. बॉस्टन विद्यापीठातील कॅथरीन लेव्हिन आइनस्टाइन, डेव्हिड ग्लिक आणि मॅक्सवेल पामर यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात नव्या घरबांधणीवरील जाहीर सुनावण्यांची इतिवृत्ते तपासली. बोलायला येणाऱ्यांमध्ये वयस्कर लोक, पुरुष, स्वतःचे घर असलेले आणि तेथे दीर्घकाळ राहणारे यांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त होते, आणि त्यांतील बहुसंख्य नव्या बांधकामाच्या विरोधात बोलत होते. यामागे कारस्थान नाही. जो शेजारी आहे त्याला नव्या इमारतीचा त्रास आज दिसतो. त्या इमारतीत उद्या जो राहायला येईल, त्याला तर आपण तेथे येणार हेसुद्धा ठाऊक नसते. सुनावणी सर्वांसाठी खुली असते, पण कामाच्या दिवशी तीन तास लाकडी खुर्चीवर बसणे सर्वांना परवडत नाही. लोकसहभाग वाढवण्यासाठी निर्माण केलेली दारे अशा रीतीने आधीच जागे असलेल्यांचा आवाज आणखी मोठा करतात. या विषयावर लिहिणारे उत्साही लोक ही बाजू बहुधा सांगत नाहीत.

कागद वाचणारी माणसे

काही गट मते फिरवून किंवा गर्दी दाखवून नव्हे, तर समोरच्यापेक्षा अधिक माहिती मिळवून जिंकतात. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९८७ मध्ये स्थापन झालेली ‘ॲक्ट अप’ ही एड्सग्रस्तांची आणि त्यांच्या मित्रांची संघटना रस्त्यावरच्या आक्रमक निदर्शनांसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये तिने औषधांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या मुख्यालयाला घेराव घातला होता. पण तिच्यातील एक लहान उपसमिती रात्री जागून विषाणूशास्त्र, औषधचाचण्यांची रचना आणि मान्यतेचे नियम शिकत होती. या लोकांकडे वैद्यकाच्या पदव्या नव्हत्या. अनेकांकडे फार आयुष्यही उरलेले नव्हते. काही काळाने ते शास्त्रज्ञांसमोर बसून चाचणीत कोणाला घ्यावे, तुलना कशाशी करावी, यावर नेमके प्रश्न विचारू लागले आणि पुढे त्यांना समित्यांवर जागा मिळाल्या. गंभीर आजारांच्या औषधांना लवकर मान्यता देणारी पद्धत १९९२ मध्ये औपचारिक झाली, तिच्यामागे हा रेटा होता. बाहेर घोषणा आणि आत टिपणे, या दोहोंची जोडी नसती तर पहिल्याकडे उपद्रव म्हणून पाहिले गेले असते आणि दुसऱ्याकडे कोणी पाहिलेच नसते.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेची गोष्ट याच जातीची आहे. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांचे सहकारी देवडूंगरी या गावातील एका साध्या घरात राहून काम करत होते, आणि १९९० मध्ये संघटनेची रीतसर स्थापना झाली. प्रश्न अगदी रोखठोक होता: सरकारी दुष्काळी कामांवर किमान मजुरी का मिळत नाही? उत्तर मिळे, की कागदावर तेवढे काम झालेलेच नाही. मग कागद दाखवा, ही मागणी तेथून जन्मली. डिसेंबर १९९४ पासून संघटनेने जनसुनावण्या भरवल्या. हजेरीपट, बिले, पावत्या गावासमोर मोठ्याने वाचल्या जात, आणि ज्याचे नाव हजेरीपटावर मजूर म्हणून लागले होते तो उभा राहून सांगे, की आपण त्या कामावर गेलोच नव्हतो. १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. पत्रकार, वकील, निवृत्त अधिकारी त्या मागणीला जोडले गेले, राज्याराज्यांत कायदे आले आणि ऑक्टोबर २००५ मध्ये जम्मू-काश्मीर वगळता देशभर माहितीचा अधिकार लागू झाला. भ्रष्टाचार संपवा, ही घोषणा कोणत्याही सरकारला मान्य करता येते, कारण तिच्यातून काहीच करावे लागत नाही. अमुक रस्त्याच्या कामाचा हजेरीपट द्या, या मागणीला मात्र होय किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागते, आणि दोन्ही उत्तरे सरकारला अडचणीची असतात.

एकट्या माणसाने कागद वाचल्याचे एक गमतीदार उदाहरणही नोंदवण्यासारखे आहे. काँग्रेस सदस्यांनी स्वतःची केलेली पगारवाढ मधली निवडणूक झाल्याशिवाय लागू होऊ नये, अशी घटनादुरुस्ती अमेरिकेत १७८९ मध्ये मांडली गेली आणि पुरेशा राज्यांच्या मान्यतेअभावी पडून राहिली. तिला मुदत घातलेली नव्हती. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने ते हेरून त्यावर निबंध लिहिला. त्याला सी श्रेणी मिळाली. चिडून त्याने राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रे लिहायला सुरुवात केली, आणि मे १९९२ मध्ये, मांडणीनंतर जवळपास दोनशे तीन वर्षांनी, ती घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती झाली. विद्यापीठाने त्याची श्रेणी २०१७ मध्ये सुधारली. आमदारांना ती मान्य करायला अडचण नव्हती; राजकारण्यांच्या पगाराविरुद्ध मत देणे कोणाला महाग पडते? फक्त कोणीतरी विचारण्याची गरज होती.

चिकाटी, आणि एक गैरसमज

चिकाटीचा परिणाम प्रयोगशाळेतही दिसतो. मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोव्हिसी आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा-सहा जणांना निळ्या रंगाच्या स्लाइड्स दाखवल्या; सहांपैकी दोघे संशोधकांचे साथीदार होते आणि ते रंग हिरवा असल्याचे सांगत. ते दर वेळी ठामपणे हिरवाच म्हणत, तेव्हा इतरांच्याही आठ टक्क्यांहून अधिक उत्तरांत हिरवा आला. कधी हिरवा, कधी निळा असे त्यांनी म्हटले, तेव्हा हे प्रमाण जेमतेम एका टक्क्यावर उतरले. परिणाम लहानच आहे, आणि रंग ओळखणे म्हणजे राजकारण नव्हे. तरीही बोलण्यात सातत्य राखणारे अल्पसंख्य लोक इतरांना स्वतःच्या डोळ्यांविषयी शंका घ्यायला लावतात, हे त्यातून दिसते.

याच संदर्भात साडेतीन टक्क्यांचा आकडा वारंवार ऐकू येतो. राज्यशास्त्रज्ञ एरिका चेनोवेथ यांनी विसाव्या शतकापासूनच्या सत्तांतराच्या आंदोलनांचा अभ्यास करून दाखवले, की लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक ऐन भरात प्रत्यक्ष सहभागी झाले अशी आंदोलने बहुधा यशस्वी झाली. अनेकांनी त्यावरून थोडे लोक पुरे, असा अर्थ काढला. वास्तविक भारताच्या लोकसंख्येला हे प्रमाण लावले, तर आकडा पाच कोटींच्या घरात जातो. इतके लोक रस्त्यावर येतात तेव्हा त्यांच्यामागे घरात बसून सहानुभूती बाळगणारे कितीतरी पट असतात. तो मूठभरांचा नियम नाही. मूठभरांचा प्रभाव सरकार उलथवण्यात क्वचित दिसतो. तो कलमांत, नेमणुकांत, अपवादांत आणि विषयपत्रिकेत दिसतो.

हा प्रभाव नको असेल, किंवा निदान त्याला दुसरे माप लावायचे असेल, तर एक वेगळा प्रयोग आयर्लंडमध्ये झाला. स्वतःहून पुढे येणाऱ्यांच्या ऐवजी ९९ नागरिक यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांची सभा २०१६ मध्ये भरवण्यात आली आणि गर्भपातावरील घटनात्मक बंदीसारख्या, राजकारणी टाळत आलेल्या प्रश्नावर तिने महिनोन्महिने तज्ज्ञांचे आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून शिफारस केली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के मतदारांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. गट येथेही लहानच होता. फक्त त्यात शिरण्यासाठी आधीपासून तळमळ असण्याची अट नव्हती.

दोन मुठी समोरासमोर

छोटा गट आणि झोपलेले बहुमत, असे चित्र सामान्यतः रंगवले जाते. मोठ्या लढायांत मात्र छोट्या गटासमोर दुसरा छोटा गट असतो, आणि दोघांमध्ये बहुमताला जागे करण्याची किंवा झोपवून ठेवण्याची स्पर्धा चालते. ब्रिटनमधील गुलामांच्या व्यापाराविरुद्धची चळवळ या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे.

२२ मे १७८७ रोजी लंडनमधील जॉर्ज यार्ड येथील एका छापखान्यात बारा माणसे जमली. नऊ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि क्वेकरांना त्या काळी संसदेत बसता येत नव्हते. समोर होते वेस्ट इंडीजमधील मळेवाले आणि त्यांचे व्यापारी: संख्येने तेही थोडेच, पण पैसा त्यांच्याकडे, आणि संसदेतील जागाही त्यांच्याकडे. बारा जणांच्या समितीने थॉमस क्लार्कसनला घोड्यावर बसवून बंदरोबंदरी पाठवले. त्याने खलाशांच्या जबान्या घेतल्या, बेड्या आणि अंगठे चिरडण्याचे चाप विकत घेऊन ते सभांमध्ये दाखवले. गुलामांना जहाजात कसे रचून ठेवतात, याचा आराखडा छापून वाटण्यात आला. स्वतः गुलामगिरी भोगलेल्या ओलाउडा इक्वियानोने आपली जीवनकथा लिहून देशभर दौरे केले. १७८८ मध्ये संसदेकडे सुमारे शंभर अर्ज आले होते, १७९२ मध्ये ५१९ आले, आणि त्यांवर जवळपास चार लाख सह्या होत्या. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांनी गुलामांच्या कष्टातून येणारी साखर घरात बंद केली.

इतके होऊनही मळेवाले हटले नाहीत, कारण त्यांना जिंकायचे नव्हते, फक्त वेळ काढायचा होता. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने, १७९२ मध्ये व्यापार बंद करण्याचे तत्त्व मान्य केले, त्यात ‘हळूहळू’ हा शब्द घुसवण्यात आला, आणि पुढे वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सने, चौकशीच्या नावाखाली विषय थंड केला. फ्रान्समधील क्रांतीनंतर सुधारणेची प्रत्येक मागणी संशयास्पद ठरू लागली. कोंडी फुटली ती सह्यांनी नव्हे, एका वकिलाच्या युक्तीने. सागरी कायद्याचा जाणकार जेम्स स्टीफन याने १८०६ मध्ये असे विधेयक आखले, की ज्यात ब्रिटिश जहाजांना परकीय वसाहतींकडे गुलाम नेण्यास बंदी होती. त्याला युद्धकालीन, देशहिताचा पेहराव चढवलेला होता आणि विरोधकांना ते काय आहे हे समजेपर्यंत व्यापाराचा मोठा भाग बेकायदा ठरला होता. पुढच्या वर्षी उरलेली बंदी कॉमन्समध्ये २८३ विरुद्ध १६ मतांनी संमत झाली.

गुलामगिरी मात्र आणखी पाव शतक टिकली. १८३१ च्या अखेरीस जमैकामध्ये गुलामांनी मोठा उठाव केला, तो रक्तात बुडवला गेला, आणि त्याने लंडनमधील हिशेबच बदलून टाकला. १८३२ च्या निवडणूक सुधारणेने मळेवाल्यांच्या अनेक सोयीच्या जागाही गेल्या. आता हरणे अटळ आहे हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी आपली सारी शक्ती एका कलमावर एकवटली. ते कलम नुकसानभरपाईचे होते. तत्त्वावरचे बहुमत, सह्यांचे ढीग, चर्चमधील प्रार्थना हे सारे विरुद्ध बाजूला होते; परंतु त्या एका कलमासाठी त्यांच्याइतका जिवाचा आटापिटा करणारे समोर कोणी नव्हते. गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३ च्या कायद्याने सुमारे आठ लाख गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड दिले. तो सरकारच्या वार्षिक खर्चाचा चाळीस टक्के भाग होता. मुक्त होणाऱ्यांना काही मिळाले नाही, उलट त्यांतील बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा उरलेला हिस्सा ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला.